तारीख आधी, तयारी नंतर?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची कथा बहुधा २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारापासून सांगितली जाते. मला ती अर्धे शतक मागे जाऊन सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपुरात आले असता, तेथील संग्रहालयातील एका भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. प्रमथनाथ बोस यांनी त्या भागाची आधीच पाहणी केली होती. टाटांचे पथक दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत पोहोचले. खनिज उत्तम निघाले. परंतु योग्य कोळसा व पुरेसे पाणी जवळपास नव्हते. पथक परतले आणि टाटांचा कारखाना साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला.

या नकाराला मी अपयश मानत नाही. पूर्वतयारीचे ते सर्वोत्तम फळ होते. पुढे तांदुळा जलाशय झाला, दुरून कोळसा आणणे शक्य झाले, आणि तेच खनिज भिलाईच्या उपयोगी पडले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, ते या साऱ्या खटाटोपानंतर.

आपले सार्वजनिक सोहळे मात्र उलट्या क्रमाने चालतात. आधी तारीख आणि पाहुणे ठरतात. मैदान, ऊन आणि माणसांची संख्या यांचा विचार मागाहून होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर चढत्या उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत ११ जण चिरडले गेले. अंतिम सामना आदल्याच रात्री संपला होता. दोन्ही ठिकाणी कळीचा प्रश्न पाण्याच्या टँकरचा किंवा पोलिसांच्या संख्येचा नव्हता. या वेळी, या जागी, एवढ्या लोकांना बोलवावे काय, हा तो प्रश्न होता.

यावर कोणी म्हणेल, वारी आणि कुंभाच्या तिथी पंचांग ठरवते. तेथे नकार कसा देणार? आक्षेप रास्त आहे. परंतु तिथी अटळ असली, तरी प्रवेशाची वेळ, मार्ग आणि एका जागी थांबणाऱ्यांची संख्या आपल्याच हाती असते. शिवाय तिथी वर्षभर आधी ठाऊक असते. पुरस्काराच्या सोहळ्याला तर तेवढीही सबब नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच प्रसिद्ध केली आहे. उणीव आहे ती नकाराच्या अधिकाराची. माझे मागणे साधे आहे : मैदानाची क्षमता, बाहेर पडण्याचे मार्ग, हवामान आणि जवळच्या रुग्णालयांतील खाटा यांचा लेखी अहवाल झाल्याशिवाय कोणत्याही मोठ्या सोहळ्याची तारीख जाहीर होऊ नये. तो अहवाल जनतेसमोर यावा. त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘येथे नको’ किंवा ‘आज नको’ असे म्हणता यावे, आणि त्यासाठी त्याची बदली होऊ नये.

राजहऱ्याहून परतलेल्या पथकाला कोणी दोष दिला नाही. आपल्या अधिकाऱ्यांना तेवढे अभय मिळाले, तरी पुष्कळ जीव वाचतील.