भगिनी शहर करा, पण जात झाकू नका

सिस्टर सिटी म्हटलं की आपल्याकडे काय दिसतं? महापौर, शाल, श्रीफळ आणि विमानाचं तिकीट. मित्रांनो, आमचा प्रश्न साधा आहे. दोन देशांतली दोन शहरं मैत्री करतात, तेव्हा जातीबद्दल कोण बोलतं?

पुणे आणि अमेरिकेतलं सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरं आहेत. सिस्को कंपनीचं मुख्यालय याच सॅन होजेत. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्कोवर दावा लावला. भारतीय सवर्ण वरिष्ठांनी एका दलित अभियंत्याशी जातिभेद केला, असा आरोप. (वरिष्ठांवरचा दावा खात्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला.) निकाल काहीही लागो, इंजिनिअर परदेशी जातो तेव्हा त्याच्या बॅगेतून जातही जाते, हे जगासमोर आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. ते काही महापौरांच्या दौऱ्यातून घडलं नाही. तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी नगरसेविका क्षमा सावंत यांच्यासोबत लढून घडवलं.

आता आपलं वसई-विरार. उद्या महापालिकेने परदेशी भगिनी शहर शोधलं, तर किल्ला बघून आधी पोर्तुगाल सुचेल. सुचू द्या, दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पण नालासोपाऱ्यात स्तूप आहे, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच परिसरात सापडले. लंकेला पोचण्याआधी विजयाचं जहाज सुप्पारकाला, म्हणजे सोपाऱ्याला लागलं, असं महावंस सांगतो. मग अनुराधपुराशी नातं का नको?

हवंच! पण नुसत्या पर्यटनासाठी नको. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले होते. त्याच कँडीतला सियाम निकाय परंपरेने गोविगम जातीबाहेरच्यांना उपसंपदा देत नाही. बुद्धाच्या संघात जात कशी, हे आपण त्यांना विचारायचं. आणि तुमच्याकडे गटारात उतरणारा माणूस अजून ठरावीक जातींचाच का, हे त्यांनी आपल्याला विचारायचं. एवढं विचारता येत नसेल तर बहीण कसली?

म्हणून आमची मागणी आत्ताच सांगून ठेवतो. असा करार झाला तर पहिल्या शिष्टमंडळात सफाई कामगार आणि नालासोपाऱ्याच्या चाळींत राहून शिकणारी मुलंमुली हवीत. करारात जातिभेदविरोधी कलम हवं. परत आल्यावर काय ठरलं, किती खर्च झाला, ते प्रभागात येऊन सांगायला हवं. हे नसेल तर त्या शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला आम्ही काळे झेंडे घेऊन येऊ.

जय भीम!