बक्षीस कीं गोडी ?

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरीं एक सौदा ठरूं लागतो. "नव्वद टक्के गुण मिळीव, सायकल घेऊन देतों," असें वडील म्हणतात, आणि मुलगाही खुशीनें अभ्यासास बसतो. हेतु चांगला, यांत शंका नाहीं. परंतु अशा सौद्यांत गुण मिळवितां मिळवितां विद्येची गोडी आपण गमावीत नाहीं ना, याचा विचार सुज्ञ पालकांनीं अवश्य केला पाहिजे.

इ. स. १९७३ मध्यें लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंतील एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रें काढण्याची मुळांतच हौस असलेलीं लहान मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना "चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल" असें आधींच सांगितलें. कांहींना तें न सांगतां मागाहून दिलें. कांहींना मुळींच दिलें नाहीं. एक-दोन आठवड्यांनीं पाहतात तों, बक्षिसाच्या बोलीवर चित्रें काढलेलीं मुलें मोकळ्या वेळांत इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमत होतीं ! अकल्पित बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र टिकून होती. दोष बक्षिसाचा नव्हे, बोलीचा. जो खेळ होता, त्याची मजुरी झाली.

मग मुलांस उत्तेजन द्यावें तरी कसें ? एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या विद्वानांनीं मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. आपलें काम आपण आपखुशीनें करीत आहों असें वाटावें. तें आपणांस साधतें असा प्रत्यय यावा. आणि आपल्या माणसांचा जिव्हाळा लाभावा. या गरजा भागविण्यास पैसा लागत नाहीं. आज कोणता विषय आधीं घ्यावा, हें मुलास ठरवूं द्यावें. काल अडलेलें गणित आज सुटलें, तर "कसें सोडविलेंस, मला सांग पाहूं," असें कौतुकानें विचारावें. गुण कमी पडले, तरी त्या रात्रीं त्याचें ताट आपल्या शेजारींच मांडावें.

पाढ्यांसारख्या रुक्ष कामीं गोडी आपोआप उपजत नाहीं, हें खरें. तेथें लहानशा खाऊचा टेकू क्वचित् चालेल. परंतु तें काम कां करावयाचें, हें समजावून सांगणें अधिक टिकाऊ ठरतें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक विनंति. सायकल मिळाली तर आनंदानें फिरवा. पण परीक्षा संपल्यावर, कोणी न सांगतां, कोणतें पुस्तक उघडावेंसें वाटतें, हें एकदां स्वतःस विचारून पाहा. त्या पुस्तकांतील विद्या तुमची खरी कमाई होय.