कौले, पत्रे आणि वारसा

आमचे कार्यालय पोर्तुगीज काळातल्या एका कौलारू इमारतीत आहे. गेल्या महिन्यात छपरावर सौर पॅनल बसवायचा प्रस्ताव आला, फाईल माझ्याच टेबलावरून वर गेली आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत आली. काय, तर वारसा इमारत असल्याने सौंदर्यास बाधा येईल! शेरा मारणाऱ्या साहेबांच्याच खिडकीबाहेर एसीचे तीन खोके लटकताहेत, त्यांचे पाणी ठिबकून भिंतीचा चुना फुगलाय, आणि गळती थांबावी म्हणून अर्ध्या कौलांवर निळे पत्रे ठोकलेत. तेव्हा हा वारसा कुठल्या रजेवर होता?

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपेल १५१५ साली पुरे झाले. तिथेही ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ने हरकत घेतली होती. तरी परवानगी मिळाली आणि २०२३ साली छपरावर ४३८ पॅनल चढली. छपराचे शिसे बदलायची वेळ आलीच होती, त्याच कामात पॅनलही बसली. मला यातली खरी गोष्ट हीच वाटते.

आमच्याकडे वासे वाळवीने खाल्ले, रिपा कुजल्या, तरी वर चढून कोणी बघत नाही. मग ठेकेदार येतो, कौलाला भोक पाडून बोल्ट आवळतो, आणि पहिल्या पावसात गळले की दोष सौरऊर्जेचा! अहो, कौल उचलून आकडा खालच्या वाशाला धरायचा असतो आणि कौल परत ठेवायचे असते. उद्या पॅनल नको झाले तर ते काढताही येते. फुगलेला चुना असा परत बसवता येतो का?

रस्त्यावरून दिसेल म्हणता? मागच्या उतारावर बसवा. तो उत्तरेकडे असला तरी गोव्यात सूर्य बराच डोक्यावर असतो, इंग्लंडइतकी तूट पडत नाही. तेही नको तर मागे गाड्यांसाठी काँक्रीटची शेड आहे. तिच्या सौंदर्याबद्दल अजून कोणी शेरा मारलेला नाही.

आमचे संस्कृतिप्रेमी मित्र म्हणतात, कारकुनाला यातले काय कळते? मी बी.ए. आहे, तेही इतिहास घेऊन. शिवाय वीस पावसाळे त्या छपराखाली बादल्या ठेवतोय.

फाईल मी पुन्हा वर पाठवली आहे. या वेळी टिपणीत पहिला मुद्दा वाशांचा, दुसरा पत्र्यांचा. पॅनल तिसऱ्या क्रमांकावर आहेत.