‘तात्पुरता’ वर्ग किती वर्षांचा?

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात घाईची वेळ आली की कोडला एक ठिगळ लावलं जातं आणि शेजारी लिहिलं जातं, ‘तात्पुरतं, नंतर बदलू’. पाच वर्षांनी फाइल उघडली तर ठिगळ जागेवर असतं, लावणारा मात्र नोकरी सोडून गेलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मित्राच्या गावी गेलो, तेव्हा हेच आठवलं. तिथली शाळा देवळाच्या सभामंडपात भरत होती. चार इयत्ता, दोन शिक्षक. दर्शनाला कुणी आलं की घंटा वाजायची आणि पाढे थांबायचे. जुन्या खोल्या धोकादायक म्हणून पाडलेल्या. नव्या कधी? “प्रस्ताव गेलाय,” गुरुजी म्हणाले. तिसरीतल्या मुलीला शाळेची इमारत कशी असते हे माहीतच नव्हतं.

धोकादायक खोली पाडणं योग्यच. प्रश्न त्यानंतरचा आहे. निर्लेखनाचा कागद एका टेबलावर, नव्या खोलीचा निधी दुसऱ्या. मधल्या काळात पत्र्याची शेड, समाजमंदिर किंवा भाड्याची जागा. शेड उभारायला पैसे, दर पावसाळ्यात डागडुजीला पैसे आणि शेवटी पक्क्या खोलीला पुन्हा पैसे. बिलं वेगवेगळी असल्यामुळे बेरीज कुणीच करत नाही.

‘तात्पुरतं’ किती लांबतं हे आंबेगाव तालुक्याने पाहिलंय. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर कोसळला, 151 माणसं गेली. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. नवं गाव मिळायला 2 एप्रिल 2017 उजाडला आणि पहिल्याच पावसात तिथली जमीन खचली, रस्त्यांना भेगा पडल्या. तेव्हा घाईने बांधा असं मी म्हणत नाही. तारीख सांगा आणि हिशेब दाखवा, एवढंच म्हणतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. पूर्ततेची मुदत तीन वर्षांची होती. ती 2013 मध्येच संपली.

इंग्लंडमध्ये 2023 च्या ऑगस्टअखेर कमकुवत काँक्रीटमुळे शंभराहून जास्त शाळांच्या इमारती पूर्ण किंवा अंशतः बंद कराव्या लागल्या. तिथेही तात्पुरते वर्ग आले. पण ओरड झाल्यावर काही दिवसांत सरकारला शाळांची नावानिशी यादी जाहीर करावी लागली. अशी यादी आपल्या प्रत्येक तालुक्याची का नसावी?

‘यात आपला काय संबंध?’ असं आपल्यातलं कुणी विचारेल. आपली वस्ती जुन्नर, मंचर, घोडेगावच्या बाजारपेठेत. डोंगरातल्या शेडमध्ये बसतात ती बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर मुलं. माझ्या मते म्हणूनच संबंध आहे. उर्दू शाळेचं छत गळलं की आपण अर्ज घेऊन धावतो, आणि धावायलाच हवं. पण फक्त तेवढ्यासाठीच धावलो तर आपली मोजणी मतांचा गठ्ठा म्हणूनच होईल. दुसऱ्याच्या मुलासाठी हिशेब मागणारा माणूस नागरिक म्हणून मोजला जातो.

करण्यासारखं बरंच आहे. यू-डायसच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेच्या खोल्या किती, सुस्थितीत किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती हे दिसतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा असतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रश्न तीनच विचारा: मुलं इथे कधीपासून बसतात, आजवर किती खर्च झाला, पक्की खोली कोणत्या तारखेला मिळणार? उत्तरं शेडच्या दारावर लावा.

मी त्या गावासाठी अर्ज लिहिलाय. ती मुलगी आता चौथीत आहे. वर्षभरात खोली झाली नाही, तर पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जाईपर्यंत तिची सगळी प्राथमिक शाळा ‘तात्पुरत्या’ जागेतच संपलेली असेल.