नकाशावर लाल ठिपका नाही, म्हणजे वणवा नाही असं नाही

उन्हाळ्यात साताऱ्यात अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा डोंगर पेटला की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरायला लागतात. हल्ली सोबत नासाच्या ‘फर्म्स’ नकाशाचा लाल ठिपक्यांचा स्क्रीनशॉटही येतो. नकाशा मोफत आहे, फोनवर सहज उघडतो, उपयोगीही आहे. पण वादळी वाऱ्याच्या दिवशी ‘ठिपका नाही, म्हणजे आग नाही’ असं समजणं धोक्याचं आहे. का, ते बघू.

ठिपका येतो कुठून?

फर्म्सवरचे बरेचसे ठिपके व्हीआयआरएस नावाच्या सेन्सरकडून येतात. हा सेन्सर तीन उपग्रहांवर बसवलेला आहे. त्याचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे जमिनीवर साधारण ३५ एकरांचा चौकोन. त्या चौकोनात कुठेतरी आग आहे, एवढंच ठिपका सांगतो. ३५ एकर जळाले असं तो म्हणत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. हे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. त्यानंतर माहिती नकाशावर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. आणि वळवाचं वादळ येतं कधी? बहुतेकदा दुपारी तीन-चारनंतर. चार वाजता पेटलेल्या गवताची रात्री दीडपर्यंत राख झालेली असते. वर ढग असतील तर सेन्सरला खालचं दिसतच नाही.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशाच उपग्रहांच्या माहितीवरून एसएमएस अलर्ट पाठवते. त्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते आणि जरूर करावी. पण मर्यादा तीच: अलर्ट आग लागल्यावर येतो.

खरा स्विच वाऱ्याचा

स्पेनमध्ये वणव्यांसाठी ३०-३०-३० असा एक ढोबळ नियम सांगतात. तापमान ३० अंशांवर, आर्द्रता ३० टक्क्यांखाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला की आग हाताबाहेर जाते. आता हे आपल्याकडे लावून बघा. मार्च-एप्रिलच्या दुपारी पहिली अट जवळपास रोजच पूर्ण होते, दुसरीही बऱ्याचदा. उरतो फक्त वारा. म्हणून आपल्याकडे वाऱ्याचा अंदाज हाच आगीचा अंदाज समजायला हवा.

त्यात वळवाचा वारा फसवा. ढगातली थंड हवा जोरात खाली आदळते आणि चहूकडे पसरते. हा झोत पावसाच्या आधी पोहोचतो आणि वाऱ्याची दिशा एकदम फिरवतो. आग झोडपणारी माणसं अशा वेळी क्षणात ज्वाळांसमोर येऊ शकतात. चढावर तर उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

आणि हा प्रश्न फक्त चांदोली-कोयनेच्या जंगलाचा नाही. कराड, वाळवा, पलूसकडे उसाच्या फडावरून गेलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, ठिणग्या खाली वाळलेल्या पाचटावर पडतात. मग जळालेला ऊस घाईने तोडून कारखान्याला घालावा लागतो. वजन घटतं, आणि वर्षभराच्या कष्टाचा हिशेब बिघडतो.

असंच पण कितीतरी मोठं उदाहरण हवाई बेटांवरच्या लहायनाचं. ८ ऑगस्ट २०२३ ला सकाळी तुटलेल्या वीजतारेने लागलेली आग विझली असं समजून दल परतलं. दुपारी वादळी वाऱ्याने ती पुन्हा भडकली. मोबाइल नेटवर्क बंद पडलं, भोंगे वाजलेच नाहीत, आणि १०० हून अधिक माणसं गेली. आपल्या गावाचा आकार वेगळा, पण धडा लागू पडतो: वारा सुटला की धुमसणारी राखही आगच असते, आणि फोनवरचा इशारा पोहोचेलच याची खात्री नसते.

मग फोनचा उपयोग काय?

• बांध किंवा पाचट पेटवायचा विचार असेल, तर आधी हवामान खात्याचा इशारा बघा. ‘वादळी वारे’ असतील तर काडी खिशातच ठेवा. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणणाऱ्यांनाही तो दाखवा.

• ॲपमध्ये ‘विंड’सोबत ‘गस्ट’ही बघा. पहिला आकडा सरासरीचा, दुसरा झोताचा. आग पळते ती झोताने.

• आग दिसली तर वनक्षेत्रासाठी १९२६, इतर ठिकाणी १०१ किंवा ११२. आधी फोन, मग व्हिडिओ.

• लोकेशन पाठवताना चूक होते ती इथे: तुम्ही या डोंगरावर आणि आग समोरच्या, तर ‘करंट लोकेशन’ तुमची जागा पाठवतं. नकाशावर आगीच्या जागी बोट दाबून ठेवा, पिन टाका आणि तीच पाठवा.

• आपल्या भागाचा ऑफलाइन नकाशा आजच उतरवून ठेवा. टॉवर बंद पडला तरी जीपीएस चालतं.

• शेतावर तारा लोंबत असतील तर वारा सुटायची वाट न बघता १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

फर्म्स जरूर बघा. काल कुठे जळलं आणि दरवर्षी तोच डोंगर का जळतो, हे समजायला त्याच्यासारखं साधन नाही. पण आज दुपारी काय होईल, हे त्या ठिपक्यांना माहीत नसतं. ते वाऱ्याच्या अंदाजात बघावं लागतं, आणि तो अंदाज तुमच्या फोनवर सकाळीच आलेला असतो.