चाल फुकट नसते

रेडिओवरची जाहिरात वीस-तीस सेकंदांची. तिला चित्र नाही, रंग नाही, चेहरा नाही. आवाज आणि चाल एवढंच तिचं भांडवल. दुकानाचं नाव ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते पुष्कळदा चालीमुळे. तरीही पैसे देताना आपण पत्रकं छापणाऱ्याला देतो, मंडपवाल्याला देतो, रेडिओ स्टेशनला देतो. चाल मात्र मोबाइलमधून उचलतो.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेला प्रवेशाची जाहिरात एफएमवर द्यायची होती. मजकूर मराठीत आणि थोडा उर्दूत हवा म्हणून मला बोलावलं. संगीताचा विषय निघाला तेव्हा एक पदाधिकारी सहज म्हणाले, "मॅडम, एखाद्या जुन्या गाण्याची चाल घ्या, शब्द आपल्या शाळेचे बसवा. गॅदरिंगला नाही का आपण गाणी वाजवत?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून नीट उत्तर देते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी गाणं सादर केलं आणि ऐकणारे शाळेतलेच लोक, पालक वगैरे असतील, तर परवानगी लागत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला आणि लग्नाच्या वरातीलाही अशीच सूट आहे. पण जाहिरात म्हणजे ना गॅदरिंग, ना वरात. तिथे आपण गाण्याच्या आधाराने काहीतरी विकत असतो, मग ती साडी असो की शाळेतली जागा.

दुसरा गैरसमज असा की, रेडिओ स्टेशन गाण्यांचे पैसे भरतंच, मग आपण पुन्हा कशाला भरायचे? स्टेशन भरतं ते गाणं ऐकवण्याचे. ते गाणं आपल्या मालाला जोडायचं तर परवानगी वेगळी घ्यावी लागते.

तीही एकाच माणसाची पुरत नाही. एका गाण्यात तीन गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द बदलले म्हणून चाल आपली होत नाही. "गाणं जुनं आहे, आता कुणाचं?" हेही तपासूनच म्हणावं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. शब्द आणि चालीवरचा हक्क मात्र कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. साहिर लुधियानवी १९८० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०४० च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. बार्शीचे आपले शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले. त्यांच्या कवनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. तुकोबांचे किंवा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्यांना विसाव्या शतकात कुणी बांधलेली चाल आणि कुणी गायलेली तबकडी सर्वांची असेलच असं नाही.

कायदा मोकळीक देतो तिथेही अदब नावाची गोष्ट उरते. नात किंवा अभंगाचा तुकडा लावून त्यावर कूलरची किंमत सांगणं मला पटत नाही. "अल्लाहचं नाव आहे, त्याला कसली परवानगी?" असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, नाव अल्लाहचं, पण गळा कुणाचा? ज्याने गायलं त्याच्या घरातही चूल पेटते. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी हे आपण मिंबरवरून ऐकतो, मुलांना शिकवतो. गवंडी मजूर आणि गवई मात्र मजूर नाही, असा भेद कुठून आला?

आता यंत्राने आवाजाची हुबेहूब नक्कल होते, म्हणून काही जण नवी वाट काढतात. तीही मोकळी नाही. अमेरिकेत टॉम वेट्स या गायकाने जाहिरातीला नकार दिला असताना वेफर्सच्या एका कंपनीने त्याच्यासारखा गाणारा माणूस आणून रेडिओची जाहिरात केली. १९९२ मध्ये अपील न्यायालयानेही वीस लाख डॉलरहून अधिक भरपाई कायम ठेवली. आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा यांत्रिक नकलेला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला.

चाल निवडण्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. जाहिरात बिर्याणीची, ईदच्या सेलची किंवा उर्दू शाळेची असली की ठरलेली कव्वालीची टाळी आणि कुणीतरी ओढूनताणून म्हटलेला "आदाब". कव्वाली मला प्रिय आहे. पण महाराष्ट्रातला मुसलमान डफावरही डोलतो, ढोलकीवरही. घरात कुणी दखनी बोलतं, कुणी कोकणी, कुणी सरळ मराठी. उचललेली चाल आपल्याला दुसऱ्याने ठरवून दिलेल्या साच्यात बसवते आणि आपण खूश होतो की काम फुकटात झालं.

आमच्या त्या जाहिरातीचं काम शेवटी शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने केलं. तो लग्नात कीबोर्ड वाजवतो. दोन संध्याकाळी बसून त्याने नवी चाल बांधली, दोन मुलींनी ती गायली. पैसे ठरले आणि कागद झाला. हा कागद महत्त्वाचा, कारण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. म्हणून आम्ही स्पष्ट लिहिलं: फक्त रेडिओसाठी, एका हंगामासाठी, पुन्हा वापरली तर पुन्हा पैसे. संगणकावरून 'रॉयल्टी-फ्री' संगीत घेणाऱ्यांनीही अटी वाचाव्यात. त्या शब्दाचा अर्थ दर वेळी मानधन नाही एवढाच. जाहिरातीला वापर चालतो की नाही, हे वेगळं लिहिलेलं असतं.

लहान दुकानदाराची अडचण मला मान्य आहे. तीन हक्कदार शोधायचे कुठे आणि दर विचारायचा कुणाला, हे त्याला कुणी सांगत नाही. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गाण्याचा इतरत्र वापर झाला तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा पक्का केला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले होते. आता अशा संस्थांनी आणि संगीत कंपन्यांनी तालुक्याच्या गावातल्या जाहिरातदारासाठी मराठीत एक सोपा अर्ज आणि परवडणारा दर जाहीर करावा. प्रामाणिक राहायचं असेल त्याला दार तरी दिसायला हवं.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. रमजानचा सेल असो, दवाखान्याचं उद्घाटन असो की शाळेचे प्रवेश, जाहिरातीच्या खर्चाच्या यादीत स्टेशनच्या भाड्याखाली एक ओळ वाढवायची: चाल बांधणाऱ्याचे आणि गाणाऱ्यांचे पैसे. आणि तो चाल बांधणारा आधी आपल्याच मोहल्ल्यात शोधायचा.