पहिला आला, पण जिंकला का?

जो पहिला पोहोचला तो जिंकला, हे आपल्याला बालवाडीतल्या लिंबू-चमच्यापासून पाठ आहे. स्वीडनच्या 'गोटलांड रुंट'मध्ये मात्र ते पुरत नाही.

गोटलांड हा बाल्टिक समुद्रातला स्वीडनचा प्रांत, मुख्यतः एक मोठं बेट. १९३७ पासून त्याला वळसा घालणारी शिडांच्या नौकांची ही शर्यत होते. मोठा मार्ग साधारण ३५० सागरी मैलांचा, म्हणजे जवळजवळ ६५० किलोमीटर. वारा एकाच दिशेचा राहिला, तरी वळसा घालताना तो कधी पाठीशी, कधी बाजूला, तर कधी थेट नाकासमोर!

आता गंमत बघा. अशा नौकेच्या वेगाची मर्यादा ढोबळमानाने तिच्या पाण्यालगतच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. मग छोट्या नौकेने यायचंच कशाला? म्हणून आधी मोजमाप होतं. इथे वापरतात त्यातलं एक रेटिंग ओआरसीचं. नौकेचा आकार, वजन, स्थिरता, शिडं मोजायची आणि कुठल्या वाऱ्यात ती किती धावेल याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं. याचं मूळ १९७० च्या दशकातल्या एमआयटीच्या प्रकल्पात आहे. लागलेला वेळ या रेटिंगने दुरुस्त केला, की खरा निकाल!

कुणी म्हणेल, हे तर ग्रेस मार्क्स झाले. अजिबात नाही. ग्रेस निकाल बघून देतात, रेटिंग सुटण्याआधी ठरतं. शिवाय सवलत नौकेला, खलाशांना नाही. वाऱ्याचा अंदाज चुकला तर भोगा!

धोका आहेच. ७०-८० च्या दशकांत आयओआर नावाचा नियम होता. डिझायनर समुद्रासाठी नाही, मोजपट्टीसाठी नौका बांधू लागले. मागून चिंचोळ्या, पाठवाऱ्यात सांभाळायला अवघड. (फक्त 'आयएमपी' वाचून पेपर देणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको!) पण म्हणून मोजणं सोडलं नाही, नियम सुधारला.

आपल्या रोबोट स्पर्धेत महागड्या मोटरवाला रोबोट आणि जुन्या बाजारातल्या भंगारातून जुळवलेला रोबोट एकाच स्टॉपवॉचवर धावतात. माझं म्हणणं एवढंच : खर्च आणि वजन आधी नोंदवा, फॉर्म्युला आधी जाहीर करा आणि दुरुस्त वेळेवर दुसरा करंडक ठेवा. पहिल्या वर्षी फॉर्म्युला गंडेल. गंडू दे की! तो सुधारायलाच तर आपण इंजिनिअर होतोय ना?